भाचा ताशी १२८ नं बॉल टाकतो म्हणे, रान गहाण ठेवू का?

पत्र थोडक्यात असं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं एक मामा लिहितात. मिलिटरीतनं रिटायर होऊन आलेत, त्यामुळं घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. बहिणीचा मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीला, म्हणजे एसएसएलसीचं वर्ष. शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. अंगानं भरलेला, मिसरूड फुटलंय, वर्गातली बाकीची पोरं त्याच्या खांद्याला लागतात. तालुक्याच्या मॅचला एका कोचनं मोबाईलच्या ॲपवर त्याचा स्पीड मोजला तो ताशी १२८ किलोमीटर आला. आता त्या कोचचं म्हणणं की शाळा सोडवा, पुण्याकडं एक अकॅडमी आहे तिथं घाला, वर्षाला अडीच लाख, दोन वर्षांत अमेरिकेचे लोक बघायला येतील, आणि २०२८ ला ऑलिंपिक आहेच. दाजी २० गुंठे रान गहाण ठेवायला निघालेत, बहीण म्हणते आधी दहावी. पोरगा रविवारी टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला बॉलिंगही टाकतो आणि हजार-पाचशे घरी आणतो. मामा विचारतात, "ताई, पोरात खरंच मटेरियल आहे का हे ओळखायचं कसं? सगळं माझ्या एका होय-नाहीवर अडलंय."

मामा, पत्र दोनदा वाचलं. चार पानांत १२८ हा आकडा सात ठिकाणी आलाय आणि पोरगा स्वतः काय म्हणतो ते एकाही ठिकाणी नाही. त्याकडं मी येतेच, पण आधी या १२८ चं बघून टाकू, कारण तुमच्या घरातली सगळी वादावादी त्याच्यावरच उभी आहे.

मोबाईलवरची ही ॲपं बहुतेक करून वेळ मोजतात. बॉल हातातनं सुटला कधी आणि मागं बसून बॉल पकडणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला कधी, एवढंच त्यांना कळतं, मधलं अंतर तुम्ही जे सांगाल ते ती खरं धरतात. बेसबॉलमध्ये पिचर जिथनं टाकतो त्या पिचिंग प्लेटपासून बॅटिंगवाल्यासमोरची होम प्लेट १८.४४ मीटर, म्हणजे ६० फूट ६ इंच. पिचर लांब पाऊल टाकून पुढं येऊन बॉल सोडतो, म्हणून बॉलचा खरा प्रवास धरा १७ मीटरचा. आता साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फोटो काढतो. बॉल १४ फोटोंत पोचला असं धरलं तर स्पीड निघतो १३१, आणि १५ धरले तर १२२. म्हणजे स्क्रीनवरचं बोट एका फोटोनं इकडंतिकडं झालं की नऊ किलोमीटर गेले किंवा आले, आणि दुपारच्या उन्हात बॉल नेमका कुठल्या फोटोत सुटला हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे. शिवाय अंतर कुणी मोजलं होतं? आपल्याकडं कितीतरी शाळांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल एकाच मैदानावर, चुन्याच्या त्याच पट्ट्यांवर चालतं, सॉफ्टबॉलला मुलांचं अंतर १४.०२ मीटर, बेसबॉलला १८.४४, आणि घाईत सर पावलं टाकून मोजतात. एक मीटर कमी भरलं तरी १२८ चे १२० होतात. उलटीही बाजू आहे हां, बॉल हवेत हळू होत जातो, त्यामुळं असं सरासरी काढून आलेला आकडा हातातनं सुटतानाच्या वेगापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणजे पोरगा कदाचित १२८ च्या वर पण टाकत असेल. मला एवढंच म्हणायचंय की आज तुमच्याकडं आकडाच नाही. आहे ती एक बातमी.

खरा आकडा फुकटात मिळतो. गवंड्याकडनं ३० मीटरची टेप आणा, अंतर टेपनं मोजा, आणि मोबाईलमध्ये स्लो मोशनचं जे सेटिंग असतं, सेकंदाला २४० फोटोंचं, त्याच्यावर बाजूनं व्हिडिओ काढा. मग एक फोटो चुकला तरी फरक एका किलोमीटरच्या आसपास. चांगला गरम झाल्यावर दहा बॉल टाकायला लावा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या, उरलेल्या आठांची सरासरी काढा आणि तारीख घालून वहीत लिहा. ही वही पुढं लागणार आहे.

बरं, धरून चालू की १२८ खरंच आहे. म्हणजे ८० मैल. १५ व्या वर्षाला हे चांगलंच आहे, आपल्या भागात तर लोक खेळ थांबवून बघतील. पण अमेरिकेत शाळेत खेळणारी एवढ्या स्पीडची पोरं ढिगानं आहेत, आणि तिथल्या मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेचा, नुसता सरासरी फास्टबॉलच आता १५० च्या पुढं असतो. १२८ ऐकून तिकडनं विमानात बसून कुणी तुमच्या खानापूर-नंदगडला येणार नाही.

तुमच्या कोचनं रिंकू सिंगची गोष्ट सांगितली असणार. सगळेच सांगतात, अर्धीच सांगतात. पहिली अर्धी अशी की २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली, ३७ हजारांवर पोरांतनं उत्तर प्रदेशचा रिंकू पहिला आला, बॉल टाकला ८७ मैलांनी म्हणजे १४० नं, एक लाख डॉलर मिळाले, आणि त्याच वर्षी त्याला आणि दिनेश पटेलला पिट्सबर्ग पायरेट्सनं करारावर घेतलं. दोघंही भालाफेकवाले, बेसबॉल त्याआधी हातात घेतलेला नाही. इथं आपले कोच चहा मागवतात. दुसरी अर्धी अशी की दिनेशला २०१० ला क्लबनं सोडलं. रिंकू चिकाटीचा, तो खालच्या लीगमधनं एकेक पायरी चढत २०१२ पर्यंत ए लीगपर्यंत (मेजर लीगच्या बऱ्याच खाली) पोचला, मग हाताच्या दुखापतींनी त्याचे तीन सीझन खाल्ले, आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. मेजर लीगमध्ये दोघांतला एकही खेळला नाही. मला त्या पोरांचं कौतुकच आहे, कुठनं कुठं गेली, पण ३७ हजारांतनं निवडलेला, १४० नं टाकणारा, अमेरिकेतला नामांकित पिचिंग कोच शिकवायला, एवढं सगळं असून तो रस्ता कुठं संपला ते बघा, आणि मग आपल्या २० गुंठ्यांकडं बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न, मटेरियल आहे का. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय, की मटेरियल पोराच्या आत कुठंतरी भरून ठेवलेलं असतं आणि जाणकार माणूस बाहेरनं बघून सांगू शकतो, नारळ वाजवून बघतात तसा. तिकडचे स्काउट, म्हणजे क्लबसाठी पोरं हेरणारे, हे काम पगार घेऊन वर्षानुवर्षं करतात. त्यांची २० ते ८० अशी मार्कांची पद्धत आहे, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि पोराच्या फास्टबॉलला, कर्व्हला (वळणारा बॉल), चेंजअपला (हळू बॉल), कंट्रोलला प्रत्येकी दोन-दोन मार्क देतात, एक आजचा आणि एक 'पुढं इथवर जाईल' असा. तुम्ही मला तो दुसरा मार्क विचारताय. तो अंदाज असतो हे ते स्वतःच मान्य करतात. तिकडं क्लब दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवी पोरं निवडतात. १९९१ ला न्यूयॉर्क यांकीजनं ब्रायन टेलर नावाच्या पिचरला देशातल्या सगळ्या पोरांत पहिला नंबर देऊन घेतलं, १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा गेला, मेजर लीगमध्ये एक बॉल टाकला नाही त्यानं. उलटीकडं मार्क बर्ली १९९८ च्या निवडीत ३८ व्या फेरीत कुणीतरी घ्यायचा म्हणून घेतलेला, त्यानं २००९ मध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या टीमचा एकही माणूस बेसवर, म्हणजे पळून पोचायच्या पहिल्या थांब्यावरही, जाऊ दिला नाही. जेकब डिग्रॉम तर कॉलेजात बराच काळ पिचर नव्हताच, शॉर्टस्टॉपला, म्हणजे फिल्डिंगला, उभा राहायचा, २०१० ला नवव्या फेरीत गेला आणि २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं लीगमधल्या सगळ्यात चांगल्या पिचरचं साय यंग अवॉर्ड घेऊन बसला. मग मी बेळगावात बसून चार पानांच्या पत्रावरनं काय सांगणार, आणि तुमचा कोच एका मॅचवरनं काय सांगणार. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं सांगायला नको, पहिल्या वळवावर सगळं बियाणं कुणी मातीत घालत नाही.

आणि ते मिसरूड. तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण मला तिथंच थोडी शंका आली. १५ व्या वर्षी ज्याचं अंग भरलंय, दाढी यायला लागलीय, त्याची वाढ लवकर झालीय. तो आज बाकीच्यांपेक्षा जोरात टाकतो यात हाताची हुशारी किती आणि दोन वर्षं आधी आलेलं अंग किती, हे आज वेगळं करता येत नाही. जी पोरं आज त्याच्या खांद्याला लागतात ती १७-१८ ला त्याच्याबरोबर येतील, काही पुढं जातील. शाळेच्या स्पर्धांत त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, त्यात जानेवारीवाल्याला आधीच अकरा महिन्यांची मोकळीक. (आपल्या पिढीचं सोडा, गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून लिहिलाय, माझ्या मोठ्या भावाचाही.) तर बहिणीला विचारा, गेल्या वर्षभरात पोरगा किती वाढला? दिवाळीला घेतलेली पँट आखूड झाली का? चपलेचा नंबर बदलला का? अजून वाढतोय म्हटलं तर स्पीड आपोआप वाढणार आहे, घाई कशाला. वाढ थांबलीय म्हटलं तर अंगाच्या जोरावर मिळायचं ते मिळालं, आता पुढचं सगळं शिकण्यावर आहे. आणि याच्याच वर्गात एखादा काटकुळा, लांब हातांचा, स्पीड कमी पण बॉल सांगाल तिथं टाकणारा पोरगा बेंचवर बसलेला असेल तर त्याच्या मामांनाही हे वाचायला द्या.

मग बघायचं काय? मी मैदानावर जाते तेव्हा पहिल्यांदा पोराकडं बघत नाही, कॅचरच्या ग्लोव्हकडं बघते. कॅचरनं ग्लोव्ह जिथं धरला तिथंच राहिला की त्याला दरवेळी झेप घ्यावी लागली. घरी बघायचं असेल तर दोन आंब्यांच्या मध्ये सुतळी बांधा, होम प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर असते तेवढी चौकट करा, उंची गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत, मागं खताची पोती टांगा. २० बॉल. किती आत गेले लिहा. मग आणखी वीसेक बॉल आरामात टाकू दे आणि परत २० मोजा. पहिल्या वीसात १२ आणि नंतरच्या वीसात ११ असेल तर मी खूश. पहिल्यात १४ आणि नंतर ५ असेल तर तो दमल्यावर ॲक्शन बदलतोय, आणि हात तिथंच मोडतात.

दुसरं, पायाचा ठसा. हे मला फार आवडतं, कारण याला मोबाईल पण लागत नाही. तुमच्याकडं जांबोटी बाजूला पाऊस पडून गेला की तांबडी माती कशी मऊ होते, त्या दिवशी त्याला टाकायला लावा आणि पुढचा पाय जिथं पडतो तिथं बघा. २० बॉलनंतर ठसे वितभर जागेत एकावर एक पडले असतील तर शरीराला रस्ता सापडलाय. कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखे इकडंतिकडं पडले असतील तर बॉलही तसाच जाणार, मग स्पीड काही का असेना.

तिसरं, त्याला हळू बॉल टाकता येतो का. हातानं फास्टबॉलसारखंच फिरायचं, पण बॉल दहा-पंधरा किलोमीटर हळू जायचा, याला चेंजअप म्हणतात. आपली जोरात टाकणारी पोरं हे शिकायला तयारच नसतात, त्यांना कमीपणा वाटतो. कर्व्हची घाई करू नका, आधी हे.

आणि चौथं कुणी मोजत नाही. शॉर्टस्टॉपनं सोपा बॉल सोडला, चौकटीतनं गेलेला चांगला बॉल अंपायरनं बाहेरचा ठरवला, दोन माणसं बेसवर आहेत, आता हा काय करतो? दोस्तावर खेकसतो, माती उडवतो, की बॉल मागून घेऊन परत प्लेटवर जाऊन उभा राहतो? आणि सोमवारी सरांनी एक गोष्ट सांगितली, डावा खांदा लवकर उघडू नको म्हणून, ती शुक्रवारी त्याच्या अंगात दिसते का? माझ्या मते १५ व्या वर्षी याच्याएवढं बोलकं दुसरं काही नाही. जो पोरगा चार दिवसांत एक गोष्ट बदलू शकतो तो चार वर्षांत बरंच बदलू शकेल.

आता मी जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते. मी पी.टी. शिकवत होते तेव्हा उचगाव बाजूचा एक पोरगा माझ्याकडं होता, तुमच्या भाच्यासारखाच, हात म्हणजे गोफण. आई-बाबा जोंधळ्याच्या रानात राखणीला पाठवायचे तिथं दगड मारून मारून तयार झालेला हात. तीन दिवसांची टूर्नामेंट होती. पहिल्या दिवशी टाकला, दुसऱ्या दिवशी दोन मॅच, दोन्ही त्यानंच टाकल्या, मी मोजलंही नाही किती. त्या रात्री जेवताना बघितलं तर पोरगा डाव्या हातानं भात कालवत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही टीचर, बोटाला लागलंय. मला कळलं होतं. फायनल होती म्हणून कळूनही गप्प बसले. फायनल जिंकलो, फोटो पेपरात आला. त्याचं कोपर पुढं कधी सरळ झालं नाही. आज त्याचं दुकान आहे, भेटला की टीचर म्हणून पाया पडतो आणि मला जमिनीत जावंसं वाटतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगते. वाढत्या पोराच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाड अजून पक्कं झालेलं नसतं, वाढीची जागा कूर्चेची असते, प्रत्येक जोराच्या बॉलला तिथं ताण बसतो. मोठेपणी तोच ताण हाडं जोडणाऱ्या लिगामेंटवर जातो, ते तुटलं तर दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथं बसवतात. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं म्हणून त्याचंच नाव पडलं, आणि त्यातनं परत मॅच टाकायला वर्ष-दीड वर्ष जातं. ऑपरेशननं हात आणखी फास्ट होतो असं कोण सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. अमेरिकेत ४८१ पोरं दहा वर्षं धरून बघितली, २०११ ला त्याचा निष्कर्ष छापून आला, वर्षात १०० इनिंगच्या (एक इनिंग म्हणजे समोरची तीन माणसं बाद होईपर्यंतचा डाव) वर टाकणाऱ्यांना मोठ्या दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. तिथं २०१४ पासून वयाप्रमाणं किती बॉल टाकायचे याचे मार्गदर्शक आकडे आहेत. १५-१६ वयाला एका दिवसात ९५ च्या वर नाहीच. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, ३१ ते ४५ ला एक दिवस सुट्टी, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन, ७६ आणि वर गेला की चार दिवस पिचिंग नाही. वर्षातले चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग. आणि पिचरनं त्याच दिवशी कॅचर व्हायचं नाही.

आपल्याकडं तालुका, जिल्हा, विभाग हे सगळं शाळेच्या कॅलेंडरमध्ये थोड्या आठवड्यांत कोंबलेलं असतं, सरांकडं पिचर एकच असतो, हे मला माहीत आहे, मी तेच केलंय. त्यात तुमचा भाचा रविवारी टेनिस बॉलनं टाकतो. तो हात वेगळा नाही मामा. शनिवारी ८० बॉल आणि रविवारी तीन मॅचच्या ओव्हर्स, हे सगळं त्याच कोपराच्या खात्यावर पडतं. हजार-पाचशे मिळतात ते खरं, घराला उपयोगी पडत असतील तेही खरं, म्हणून एकदम बंद करा म्हणत नाही, पण ज्या आठवड्यात शाळेची मॅच आहे त्या रविवारी त्यानं फक्त बॅटिंग करावी. वहीत दुसरा रकाना करा, रोज किती टाकले त्याचा.

अकॅडमीबद्दल. मी त्या अकॅडमीला ओळखत नाही, चांगलीही असेल. पण विचारायचे प्रश्न साधे आहेत. पिचरचे बॉल मोजता का, वही दाखवा. फिजिओ रोज असतो की फोनवर? गेल्या तीन वर्षांतली पोरं आज कुठं आहेत, दोघांचे नंबर द्या, आणि त्यातला एक सोडून गेलेला असू दे. दहावी-बारावीचं काय? पैसे वर्षाचे एकदम की महिन्याला, मध्येच हात दुखला तर उरलेले परत मिळतात का? आणि अमेरिकेचं नाव निघालं की एक लक्षात ठेवा, तिकडचा क्लब पोराला करारावर घेतो तेव्हा पैसे क्लब देतो. करार करून देतो म्हणून तुमच्याकडनं आधी पैसे मागणारा माणूस तुमच्याच पैशावर जगतोय. ऑलिंपिकला बेसबॉल २०२८ ला आहे हे बरोबर, पण जगातल्या फक्त सहा टीम. कोचला विचारा त्या सहांत आपण कसे येतो, आणि उत्तर देताना त्याचा चेहरा बघा.

रान गहाण ठेवू नका. एवढं मात्र मी होय-नाहीत सांगते. दहावी इथंच होऊ दे, एसएसएलसी मार्चच्या आसपास उरकते, मध्येच उचलून नेलं तर बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी, आणि कोपर दुखलं तर हातात दहावीचा कागदही नाही. शिवाय आज तो कर्नाटकातल्या शाळेतनं खेळतो. महाराष्ट्रात गेला तर तिथं टीममध्ये जागा मिळवायला जास्त पोरांशी भांडावं लागेल, महाराष्ट्र या खेळात जुना आणि तगडा आहे. तिथं जाऊन शिकेलही जास्त, मी नाही म्हणत नाही, पण ते अकरावीला, पीयूसी इथं की ज्युनियर कॉलेज तिकडं असा नाहीतरी प्रश्न येणारच आहे तेव्हा बघा. तोवर मे महिन्याच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांचा कॅम्प त्याच अकॅडमीत करून या, तेवढ्याची फी भरा, राहून बघू दे. चांगली अकॅडमी असेल तर याला नाही म्हणणार नाही.

दाजींना समजवायचं असेल तर हे सांगा की २०२० मध्ये केंद्र सरकारनं खेळाडू कोट्याच्या भरतीसाठी वीस खेळ नवीन घेतले त्यात बेसबॉल आहे. नोकरी लागेलच असं नाही, पण नॅशनल खेळलेला, बारावी झालेला पोरगा तिथं अर्ज तरी करू शकतो. दहावी अर्धी सोडलेला ताशी १४० नं टाकत असला तरी अर्ज कुठं करणार?

क्रिकेट का नको म्हणून तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय. बॉल टाकताना वाकलेलं कोपर १५ अंशांच्या वर सरळ झालं तर क्रिकेटमध्ये ती ॲक्शन चालत नाही, बेसबॉलमध्ये चालते. त्याला जे आवडतं ते खेळू दे, फक्त मोजणी एकत्र.

आणि आता तो राहिलेला भाग. घरात चार मोठी माणसं त्याच्यावरनं भांडताहेत, रान, दहावी, अमेरिका, आणि तो पंधरा वर्षांचा पोरगा कोपऱ्यात बसून ऐकतोय की आपल्या हातावर वीस गुंठे लावलेत. तुमच्या होय-नाहीची त्याला सगळ्यात जास्त भीती असणार, कारण तुम्ही मिलिटरीवाले मामा. त्याला एकट्याला गाडीवर मागं बसवून बेळगावला घेऊन जा, काहीतरी खरेदीच्या निमित्तानं. समोरासमोर बसवून विचारू नका, गाडीवर बोलणं सोपं पडतं, तोंड बघावं लागत नाही. दोनच गोष्टी विचारा. कोपर दुखतं का, आणि मॅच नसली तरी तू बॉल टाकायला जातोस का. पहिल्याला "नाही" म्हणाला तरी त्या दिवशी हॉटेलात जेवताना तो कुठल्या हातानं जेवतो ते बघा.

वही सुरू करा. सहा महिन्यांनी, परीक्षा झाली की, परत लिहा, पानांचे फोटो आणि एक व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ बाजूनं काढा, पुढच्या पायापासून हाताच्या बोटांपर्यंत सगळा पोरगा दिसायला पाहिजे. नेटच्या मागनं काढू नका, मागनं सगळेच फास्ट दिसतात.